तोडणीची वेळ पावतीवर छापा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळ आणि मुख्य शेती अधिकारी

प्रत माहितीसाठी : प्रादेशिक सहसंचालक (साखर), कोल्हापूर

स.न.वि.वि.

सप्टेंबर म्हणजे वार्षिक सभांचा महिना. आमच्याही कारखान्याची सभा झाली. अहवालाचं पान उलटायच्या आधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर झाला, ताळेबंद मंजूर झाला, इथेनॉलच्या टाक्यांचा खर्च मंजूर झाला. मी सभेआधी रीतसर लेखी सूचना दिली होती. वजन पावतीवर वजनाची तारीख आणि वेळ असते, तिच्या शेजारी तोडणीची तारीख आणि वेळही छापावी, एवढंच त्यात होतं. सूचना वाचून दाखवली गेली आणि व्यासपीठावरून उत्तर आलं, “उतारा शेतात ठरतो. सभासदांनी आधी जात बदलावी, युरिया आवरावा, मग पावतीचं बघू.” (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर.) टाळ्या पडल्या. पुढचा विषय सुरू झाला.

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. आसपासच्या तालुक्यांतल्या सभासदांशी बोलले तेव्हा कळलं की हे उत्तर कमीअधिक याच शब्दांत सगळीकडे मिळतं. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

उतारा शेतात ठरतो, हे मला पूर्ण मान्य आहे. कारखाना साखर तयार करत नाही. उसाने तयार केलेली साखर तो बाहेर काढतो, तीही सगळी निघत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शेतात ठरलेला उतारा गव्हाणीपर्यंत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथपर्यंत, पोचेतो किती उरतो, आणि मधली घट कुणाच्या नावावर लिहायची? आज ती गुपचूप आमच्या नावावर लिहिली जाते.

मी शिरोळ तालुक्यातली सभासद आहे. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर घरची शेती बघते. नदीकडचा तुकडा पुराचा, मधला क्षारपड, वरचा चांगला. तिन्हीकडे ऊसच, कारण बाकी काही लावून बघायला लागणारी उसंत आणि भांडवल इथं फार थोड्यांकडे आहे. वर्गात फळ्यावर काढलेल्या आकृत्या आणि बांधावर दिसणारं नुकसान एकच आहे, हे मला रोज दिसतं. ते तुमच्या शेती विभागालाही दिसत असणार. बोललं मात्र जात नाही.

तर आधी थोडं शास्त्र. सभेत याला वेळ मिळाला नसता.

पानात दिवसा जे ग्लुकोज-फ्रुक्टोजचे तुकडे तयार होतात ते जोडण्याचं काम सुक्रोज फॉस्फेट सिंथेज नावाचं विकर करतं. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतल्या क्रिया घडवून आणणारं प्रथिन. जोडलेल्या तुकड्यावरचा फॉस्फेट दुसरं एक विकर काढून टाकतं आणि उरतं ते सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो ती साखर. अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली ही जोडणी गव्हाच्या बीजांकुरात दाखवून दिली, आणि या सगळ्या कामासाठी लेलुआर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आमच्या बांधावर फुकटात चाललेली ही क्रिया नोबेलच्या तोलाची आहे. (कारखान्याच्या स्वागतकक्षात एवढ्या तसबिरी आहेत, त्यात लेलुआरांची एक लावायला हरकत नव्हती.)

पानातली साखर खाली कांडीत उतरते. पण उसाला साखर साठवायची घाई नसते, त्याला वाढायचं असतं. वरच्या कोवळ्या कांड्यांत इन्व्हर्टेज नावाचं विकर जोरात असतं. ते आलेलं सुक्रोज तोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि ते वाढीला लागतं. शेंड्याकडची कांडी पचपचीत लागते ती यामुळेच. कांडी जून होत जाते तसं तिच्यातलं आम्लधर्मी इन्व्हर्टेज उतरतं, तोडण्यापेक्षा जोडणं वरचढ होतं आणि साखर साठायला लागते. थंडी पडली, पाणी तोडलं, जमिनीतलं नत्र संपत आलं की वाढ मंदावते आणि ऊस भरतो. याला आपण पक्वता म्हणतो. उलट ऑक्टोबरात पाऊस लांबला किंवा कुणी उशिरा युरिया फेकला, की ऊस पुन्हा वाढीच्या मागे लागतो, साठवलेलं मोडून खातो. तेव्हा युरियाबद्दल तुम्ही जे म्हणता ते खरं आहे. शेतकरी काही धुतल्या तांदळासारखे नाहीत.

हे झालं उभ्या उसाचं. आता कोयता बसल्यानंतरचं बघा.

वाडं, म्हणजे शेंडा, गेलं, पानं गेली, नवी साखर येण्याचा रस्ता बंद झाला. पण कांडीतल्या पेशी अजून जिवंत असतात. त्यांना जगायला साखर लागते. उन्हात पाणी उडत जातं आणि खाली बसलेलं इन्व्हर्टेज पुन्हा डोकं वर काढतं. दिवसभरात ते किती काम करील हे उन्हावर आहे. डिसेंबरातली मोळी आणि मार्चमधली मोळी सारखी टिकत नाही, हे ऊसतोड टोळीतलं पोरही सांगेल. जोडीला कोयत्याच्या घावातून ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात. त्यांच्याजवळ स्वतःचं विकर असतं, डेक्स्ट्रॅनसुक्रेज. ते सुक्रोजमधलं ग्लुकोज एकाला एक जोडून डेक्स्ट्रॅन नावाचा चिकट पदार्थ करतं आणि फ्रुक्टोज सोडून देतं. या डेक्स्ट्रॅनमुळे रस घट्ट होतो, निवळायला आणि उकळायला वेळ घेतो, साखरेचा दाणा लांबुळका होतो. तुमच्या पॅनवरच्या माणसांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हिशेब सोपा आहे. सुक्रोजचा रेणुभार ३४२, त्याला पाण्याचे १८ मिळतात आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचे १८०-१८० असे ३६० होतात. म्हणजे १०० किलो सुक्रोज तुटलं तर साधारण १०५ किलो तुटकी साखर होते. कागदावर वजन वाढलेलं दिसतं, पोत्यात भरायला मात्र त्यातला दाणाही मिळत नाही. ते सगळं मळीबरोबर जातं. आणि मळीची किंमत कुणाला मिळते, हे मी सांगायला नको.

‘ही घट मोजणार कशी’ असंही सभेत कुणीतरी म्हणालं. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेजचा वेग मोजला. विकरांच्या वेगाचं जे समीकरण आज बी.एस्सी.ची मुलं पाठ करतात ते त्याच प्रयोगांतून आलं. त्यांनी वापरलं ते यंत्र होतं पोलॅरिमीटर. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं, तुटलेलं मिश्रण डावीकडे, आणि कोन किती बदलला यावरून किती साखर तुटली ते कळतं. हेच यंत्र पोल, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, मोजायला तुमच्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. तुटक्या साखरेची चाचणीही तिथं होते. शंभराहून जास्त वर्षं जी गोष्ट मोजता येते ती मोजायची नाही, असं ठरवलं असेल तर तसं सांगावं.

उलट एक धोका माझ्यापेक्षा तुम्हीच लक्षात घ्यायला हवा. डेक्स्ट्रॅनही प्रकाश उजवीकडेच फिरवतं, तेही सुक्रोजच्या जवळपास तिप्पट. म्हणजे शिळ्या उसाच्या रसाचा पोल प्रत्यक्षापेक्षा बरा दिसू शकतो, आणि ती ‘बरी’ साखर पुढे पोत्यात येतच नाही. मग वर्षअखेरीच्या हिशेबात ती ‘अज्ञात घट’ म्हणून निघते. यात अज्ञात काय आहे?

आपल्या भागातल्या जुन्या गुळव्यांना या विकरांची नावं ठाऊक नव्हती. पण कालचा ऊस आज चरकाला लावायला निघालात तर ते काहिलीजवळ फिरकायचे नाहीत. शिळ्या उसाचा रस किती भेंडी घातली तरी निवळत नाही, काकवी सुटत राहते, रवा धरत नाही, रंग काळपट येतो. कोल्हापुरी गुळाला आज भौगोलिक मानांकन आहे. त्या नावामागे ताज्या उसाची ही शिस्त आहे, ती गुऱ्हाळमालकाच्या पदरमोडीवर आणि गुळव्याच्या हट्टावर टिकली. गुऱ्हाळात शिळ्या उसाचं नुकसान ज्याने उशीर केला त्याच्याच अंगावर यायचं, म्हणून उशीर होत नव्हता. कारखान्यात उशीर एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. फड तुटतो, मोळ्या बांधून होतात, मग ट्रॉलीची वाट. ट्रॉली भरली की अड्ड्यावर रांग. गाळप बंद पडलं असेल तर रांग दोन दिवस हलत नाही. या सगळ्यात ऊस वाळतो. वजन काट्यावर गेल्यावर होतं, तोवर उडालेल्या पाण्याचं वजन आमचं गेलं. काट्यानंतर यार्डात पडून राहिला तर साखर गेली, तीही पुढच्या वर्षी उताऱ्याच्या सरासरीतून आमचीच गेली. एका उशिराचे दोन दंड आम्ही भरतो. दर ठरतो तो कारखान्याच्या एकूण उताऱ्यावर, त्यामुळे ज्याने स्वतः धावपळ करून ताजा ऊस पोचवला त्याला काही जास्त मिळत नाही आणि ज्याचा ऊस रांगेत सडला त्याला कळतही नाही की काय गेलं.

किती जातं, ते पैशात बघू. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये. म्हणजे टनाला ३४.६० रुपये. उतारा अर्ध्या टक्क्याने पडला तर टनामागे १७३ रुपये. १०० टन ऊस घालणाऱ्या घराचे १७,३०० रुपये. मुलीच्या कॉलेजची फी म्हणा, खोडव्याचं खत म्हणा. शिळेपणाने तुमच्या कारखान्याचा उतारा नेमका किती पडतो हे मी सांगू शकत नाही, कारण ते सांगण्याची नोंद तुम्ही ठेवत नाही. सूचना त्यासाठीच होती.

आणि हा आधारभूत उतारा बघा कसा चढत गेला. २००९ मध्ये एफआरपी आली तेव्हा ९.५ टक्के होता, २०१८-१९ पासून १० झाला, २०२२-२३ पासून १०.२५. म्हणजे तेवढीच साखर देणाऱ्या उसाला प्रीमियमचा टप्पा दर वेळी पुढे सरकतो. उतारा वाढवा असं आम्हाला सांगणं सोपं आहे, पण एक टक्क्याच्या दहाव्या भागाला जिथं पैसे मोजले जातात तिथं तोडणीपासून गाळपापर्यंतचे तास कुणी मोजायचे नाहीत, हे कुठलं गणित?

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने पैसे द्यायला १४ दिवसांची मुदत घातली आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. त्या १४ दिवसांसाठी इथं किती आंदोलनं झाली, किती वेळा ट्रॅक्टर अडवले गेले, हे तुम्हाला आठवत असेल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी दरावर बोलणं होतं, व्हायलाच हवं. पण तासांबद्दल परिषदेतही कुणी बोलत नाही, म्हणून ही ओळ शेतकरी संघटनांसाठीही आहे. कारखान्याला १४ दिवस आहेत, इन्व्हर्टेजला मुदत नसते.

दुसरी तक्रार तोडीच्या पाळीची. पाळीपत्रक गट ऑफिसात लागतं आणि पहिल्या पंधरवड्यातच मोडतं. ऊस पक्व झाला की नाही हे बघून तोड आली, असं मी फारच क्वचित पाहिलं आहे. तोड येते ती कुणाचा फोन गेला त्यावर, टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे किती दिले त्यावर आणि ट्रॉलीवाल्याची एन्ट्री, म्हणजे त्याचेही वरचे पैसे, ठरली का त्यावर. ऊसतोड मजुरांवर माझा राग नाही. बीड-धाराशिवकडून पोराबाळांसह आलेली ती माणसं पहाटे थंडीत फडात उतरतात, त्यांची मजुरी तुम्ही नीट वाढवली तर खुशालीला तोंडच उरणार नाही. पण परिणाम बघा. हंगामाच्या सुरुवातीला सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने ऊस ओढतील या भीतीने अपुऱ्या वयाचा ऊस तोडला जातो, ज्यात इन्व्हर्टेज अजून जागं असतं. आणि त्याच वेळी शेजारचा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस, जो डिसेंबरात पिकलेला असतो, तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहतो, त्याला तुरा येतो, आत दशी पडते, पोकळ होतो. दोन्हीकडे साखर गेली. रसाची गोडी मोजणारा हँड रिफ्रॅक्टोमीटर खिशात मावतो. वरच्या आणि खालच्या कांडीचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, घेतला आणि वरचा खालच्याच्या जवळपास आला, गुणोत्तर ०.९५ च्या पुढे गेलं, की ऊस तोडीला आला. एका फडाला याला कितीसा वेळ लागतो?

तिसरी, जातीची. ‘२६५ लावता म्हणून उतारा पडतो.’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता त्याचा राग यायचाही थांबला. फुले २६५ ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेली जात, चोरून आणलेलं बियाणं नव्हे. शिरोळ-हातकणंगल्याच्या चोपण, क्षारपड जमिनीत ८६०३२ ही दुसरी जात धड उभी राहत नाही, २६५ राहतो. म्हणून माणसं तो लावतात. त्याला पक्व व्हायला वेळ लागतो हे सगळे मान्य करतात. मग त्याला त्याच्या वेळेला तोड द्या. प्रत्यक्षात काय होतं? सुरुवातीला टंचाई असली की तो कच्चा नेला जातो, आणि ८६०३२ मुबलक असला की तो शिक्षा म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत ठेवला जातो आणि मग चाळीसच्या घरातल्या उन्हात तोडून रांगेत उभा केला जातो. इतकं झाल्यावर त्याचा उतारा मोजायचा आणि दोष जातीला द्यायचा. माझ्या विद्यार्थ्याने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वही परत केली असती.

पुराच्या उसाबद्दल. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथं कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडे लोक आकडा ऐकूनच सांगतात की कुणाचा ऊस बुडाला. पाणी पोंग्यावरून, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यावरून, गेलं आणि आत गाळ बसला की पोंगा मरतो. मग कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा येतात. या कोवळ्या फुटव्यांना खायला घालायला ऊस आपली साठवलेली साखर मोडतो, इन्व्हर्टेजच्याच हाताने. म्हणजे असा ऊस शेतात उभा असतानाच दर आठवड्याला रिकामा होत जातो. त्याला आधी तोड मिळायला हवी. मिळते शेवटी, कारण ‘पूरबाधित ऊस, उतारा नाही’ असा शेरा गटप्रमुखाच्या वहीत आधीच पडलेला असतो. शेरा खरा ठरवण्याची सोयही वहीतच आहे.

जळिताची तक्रार थोडक्यात. ऊस पेटला की सालीवरचं मेण जातं, साल तडकते, जिवाणूंना रान मोकळं. असा ऊस सगळ्यात लवकर नासतो, म्हणून त्याच्या वजनात किंवा दरात कपात होते. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण आग लागल्याची खबर दिल्यावर तोड यायला तीन-चार दिवस लागले तर त्या दिवसांची कपातही शेतकऱ्यानेच सोसायची का? आणि तोडणी सोपी जावी म्हणून फड पेटवला जातो तेव्हा? विजेच्या तारा घासून ठिणगी पडली तेव्हा? कपातीच्या कागदावर यातलं काहीच नोंदलं जात नाही.

मशीन तोडणीबद्दलही हेच. मजूर मिळत नाहीत, मशीन येणार, त्याला विरोध नाही. मात्र मशीन उसाचे वीतभर तुकडे करतं. एका उसाला जिथं दोन घाव होते तिथं आठ-दहा होतात, म्हणजे ल्युकोनॉस्टॉकला तेवढी दारं. हा ऊस त्याच दिवशी गाळला गेला पाहिजे. त्यासाठी वेगळी रांग कुठे आहे? पाचटापोटी वजनातली कपात मात्र पहिल्या दिवसापासून चोख सुरू झाली.

इथेनॉलवर फार लिहीत नाही. बी हेवी मळी (जिच्यातून सगळी साखर काढलेली नसते) किंवा थेट रस इथेनॉलला वळवला की पोत्यातली साखर कमी भरते, आणि ती घट उताऱ्यात परत मिळवून धरायची असते. तशी धरली की नाही, किती धरली, हा तपशील सभासदाला वाचता येईल अशा भाषेत कुठेही लावलेला मी पाहिला नाही. लावा, म्हणजे संशय संपेल.

कोल्हापूर विभाग उताऱ्यात बहुतेक हंगामांत राज्यात वरच असतो. हे इथल्या हवेचं, पंचगंगा-वारणा-दूधगंगेच्या पाण्याचं आणि आमच्या कष्टाचं श्रेय आहे. वर आहोत म्हणून गळती चालते, असं कुणाच्या मनात असेल तर त्याने हा उतारा एखाद्या कोरड्या तालुक्यातल्या सभासदाला समजावून सांगावा.

मागण्या अशा :

वजन पावतीवर तोडणीची तारीख आणि वेळ यावी. फड तोडायला सुरुवात झाली की स्लिपबॉयने, म्हणजे फडावर पावती करणाऱ्या कारखान्याच्या माणसाने, ती नोंदवायची, शेतकऱ्याची सही घ्यायची. मोबाइलवर नोंदी घेणारे कारखाने जिल्ह्यात आहेत, म्हणजे नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. गव्हाणीत ऊस कधी पडला तेही त्याच नोंदीत यावं.

या दोन वेळांमधलं सरासरी अंतर दर आठवड्याला उताऱ्याच्या आकड्याबरोबर गट ऑफिसच्या फळ्यावर लावावं.

चोवीस तासांच्या पुढे जो उशीर कारखान्यामुळे, म्हणजे गाळप बंद, वाहन नाही, रांग या कारणांनी होईल, त्यात वाळलेल्या वजनाची भरपाई शेतकऱ्याला मिळावी. किती टक्के धरायचे हे ठरवायला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कोल्हापुरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. त्यांच्याकडून महिनावार तक्ता करून घ्या. डिसेंबरचा आणि मार्चचा वेगळा.

तोडीचा क्रम लागणीची तारीख आणि ब्रिक्स या दोनच गोष्टींवर लागावा. ब्रिक्सचे आकडे फडानुसार जाहीर असावेत, म्हणजे कुणाचा फोन गेला हे विचारायची वेळ येणार नाही.

पूरबाधित, जळीत आणि मशीनने तोडलेल्या उसाला स्वतंत्र रांग असावी. जळिताची खबर दिलेली वेळ लिहून घ्यावी आणि त्यानंतर ठरलेल्या तासांत तोड आली नाही तर कपात करू नये.

रसातल्या तुटक्या साखरेची आणि डेक्स्ट्रॅनची चाचणी प्रत्येक शिफ्टमध्ये व्हावी, आणि तिचे निकाल सभासदाला मागितल्यावर बघायला मिळावेत.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. पहिलीला तर पैसेही लागत नाहीत, छापखान्याला एक फोन लागतो. प्रादेशिक सहसंचालकांना विनंती की त्यांनी या हंगामात निदान काही कारखान्यांच्या यार्डात उभ्या वाहनांची तोडणीची वेळ विचारून बघावी. चालक खरं सांगतात, त्यांनाही रांगेत झोपायचा कंटाळा आलेला असतो.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरीही ऊस आहे. तुमच्या उसाला तोड वेळेवर मिळत असेल, त्याबद्दल मला असूया नाही. फक्त आमच्या पावतीवरची वेळ तुमच्या पावतीवरच्या वेळेशेजारी ठेवून बघता यावी, इतकीच इच्छा आहे.

बॉयलर पेटण्याआधी या पत्राचं उत्तर लेखी मिळावं आणि त्याची प्रत गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. नकार असेल तर कारणासह नकार द्यावा, तोही चालेल. सोबत वजन पावतीचा नमुना जोडला आहे. सध्याच्याच पावतीवर उजव्या बाजूला मी एक रकाना आखला आहे, जागा पुरते.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर